मागचा डोळा

दोरावर काहीतरी पांढरं होतं.

सुरक्षा अधिकारी हेमांगी रणपिसे चहाचा कप ओठाशी नेता नेता थांबली. घोणसगडाच्या पायथ्याशी रज्जुमार्गाचं खालचं स्थानक होतं आणि तिथल्या तिच्या खोलीची खिडकी थेट मोठ्या चाकासमोर उघडायची. चाक संथपणे फिरत होतं. त्याला वळसा घालून पोलादी दोर डोंगरावरून खाली येत होता आणि पुन्हा वर जात होता. दोराला ठरावीक अंतरावर काचेचे डबे लटकलेले. वर माचीवर राहणारी माणसं त्यांना पाळणे म्हणत. ते पांढरं म्हणजे जेमतेम नखाएवढा पुंजका होता. तो चाकाकडे सरकला, वळसा घालून पलीकडे गेला आणि दिसेनासा झाला.

कबुतराचं पीस असेल, असं तिने मनाला सांगितलं. तरी तिने कप खाली ठेवला. दोराची भीती नंतर आली. आधी आली ती फाटकाची. थोड्याच वेळात तिला फाटकावर कौल लावायचा होता, आणि ही शंका घेऊनच तिथल्या मन मोजणाऱ्या यंत्रासमोर उभं राहायचं होतं.

पोलादी दोर म्हणजे एकसंध कांब नसते. शेवयांसारख्या बारीक तारा पिळून पेड होतो आणि असे पेड एकमेकांत पिळून दोर होतो. एखादी तार तुटली म्हणून काही बिघडत नाही. शेजारच्या तारा तिचा भार वाटून घेतात. भीती असते ती एकाच जागी पुष्कळ तारा तुटण्याची. मग उरलेल्यांवर ओझं वाढतं, त्या लवकर थकतात, आणि शेवटच्या काही तारा एकदमच जातात. दोर चाकावर वाकतो तेव्हा त्याला सगळ्यात जास्त त्रास होतो. तुटक्या तारेचं टोक बाहेर डोकावतं खरं, पण ते इतकं बारीक असतं की नुसत्या नजरेला सापडत नाही. चुंबकाने दोर तपासणारं यंत्र वर्षातून एकदा येई. एरवी सकाळच्या फेऱ्या सुरू होण्याआधी जुनीच रीत चाले. दोर अगदी हळू सोडायचा. एकाने मऊ सुती फडकं दोराभोवती मुठीत धरायचं. टोक आलं की फडकं अडतं आणि हाताला कळतं. त्याच्या मागे दुसऱ्याने नुसतं बघत उभं राहायचं, दोरावर सूत उरलंय का म्हणून. कामगार या जोडीला ‘पुढचा हात’ आणि ‘मागचा डोळा’ म्हणत.

मागचा डोळा गेल्या वर्षी बंद झाला होता.

तो बंद केला कौलाने. यंत्राचं खरं नाव अंतर्मापी. पण देवाला फुलं चिकटवून डावं पडतं की उजवं याची वाट बघणाऱ्या गावाने त्याला पहिल्याच आठवड्यात कौल करून टाकलं. दिसायला साधी पट्टी, कपाळावर बांधायची. तिच्यातून तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कपाळात शिरतो. प्राणवायू भरपूर असलेलं रक्त तो प्रकाश एका तऱ्हेने शोषतं, कमी असलेलं दुसऱ्या तऱ्हेने. त्यामुळे मेंदूचा पुढचा भाग किती राबतोय ते बाहेर समजतं.

आता एक उदाहरण घेऊ. एस.टी.त कुणाची तरी पर्स राहिली. एक माणूस ती कंडक्टरकडे देतो, पण त्याआधी मनात बरीच ओढाताण होते. दुसरा देतो आणि ओढाताण होतच नाही; जणू दुसरा रस्ता त्याला दिसलाच नाही. दोघांनी केलं एकच. पण पहिल्याला सचोटी ओढून आणावी लागली आणि दुसऱ्यात ती मुरलेली होती. अंतर्मापी माणसाचं उत्तर ऐकत नाही, त्याची ओढाताण मोजतो. ओढाताण जितकी कमी, तितकं मूल्य खोल. सचोटी, निष्ठा, विश्वास, आपुलकी, प्रत्येकाला शंभरपैकी आकडा.

आकडा आला की त्याची किंमत ठरायला वेळ लागत नाही. कंपनीची जमीन आणि चाकं जर भांडवल, तर माणसांची मूल्यं का नाहीत? ती तर गंजतही नाहीत. बघता बघता मूल्यं मानवी भांडवल म्हणून ताळेबंदात गेली. पाठोपाठ विमावाले आले आणि म्हणाले, तपासणीला दुसरा माणूस कशाला लागतो? पहिला खोटं बोलेल म्हणून. तो खोटं बोलत नाही याची यंत्र हमी देत असेल, तर दुसरा हवाच कशाला? हे म्हणणं सगळ्यांना पटलं. त्यात एक भोक होतं, पण ते बघायला मागे कुणी उभंच नव्हतं.

शिखरवाट रज्जुमार्ग कंपनीत सर्वांत मोठा आकडा इलाही मुजावर यांचा. सचोटी सत्त्याण्णव. दोर तपासण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. स्थानकाच्या दर्शनी भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो होता. तो बघून मुजावरमामा म्हणायचे, “हार बघून बायको घाबरली ना. म्हणली, जित्या माणसाला कशापायी?”

हेमांगी खोलीतून बाहेर पडली. मामा चाकापाशी तेलाचा डबा बंद करत होते.

“मामा, सकाळी दोर कसा होता?”

“लोण्यावानी. का हो?”

“कुठे अडला नाही?”

मामांनी मान वर केली. हातात राखाडी मोजे होते, मऊ आणि जाडसर. सहा महिन्यांपूर्वी कंपनीने समारंभ करून ते दिले होते. तळहाताला येणारा घाम मोजून, काम करताना माणसाचं मन किती स्थिर आहे ते हे मोजे सांगत. असे मोजे मिळालेले कंपनीत मामा एकटेच.

“मॅडम,” ते सावकाश म्हणाले, “तुमच्या लग्नाआधीपासनं मी या दोराला हात लावतोय. अडला असता तर सांगितलं नसतं?”

“तसं नाही मामा. मोजे जाड आहेत, म्हणून विचारलं.”

“मोजे कंपनीनं मानानं दिलेत. मानाची वस्तू काढून ठेवायची म्हणजे काय?” ते हसले, पण डोळे हसले नाहीत. “माझा कौल बघा आजचा. मग बोला.”

ती फाटकाकडे वळली. याच मामांनी तिला पहिल्या दिवशी दोरावर फडकं धरायला शिकवलं होतं. तिचा हात दोरावर ठेवून ते म्हणाले होते, पोरी, डोळे मीट आणि ऐक.

फाटकावर पट्टी बांधून घेताना तिने मन कोरं करायचा प्रयत्न केला. गेले दोन महिने तिने त्याचा सराव चालवला होता. शंका ही सवय आहे, सवय मोडता येते, असं मूल्य विभागाने तिला सांगितलं होतं. म्हणून तिने घरी बाहेर पडताना गॅसचं बटण दुसऱ्यांदा बघणं सोडलं. कडी ओढून पाहणं सोडलं. तिचा नवरा उपेंद्र म्हणाला होता, “सुधारलीस बाई एकदाची.” तिला मात्र तेव्हा आपलं काहीतरी हरवल्यासारखं वाटलं होतं.

पडद्यावर प्रश्न आला. सहकाऱ्याने काम पूर्ण झाल्याचं सांगितलं. तुम्ही पुन्हा तपासाल का?

“नाही,” ती म्हणाली.

यंत्र क्षणभर थांबलं. विश्वास: एकेचाळीस.

मूल्य विभागाचे ऋत्विक चौबळ तिथेच उभे होते. तिशीचा, मृदू बोलणारा माणूस. त्यांनी तिला बाजूला घेतलं.

“रणपिसे मॅडम, मी तुमच्यावर रागावलेलो नाही, आधीच सांगतो. पण चाळीसच्या खाली गेलात तर मला वर कळवावं लागेल. सुरक्षा अधिकाऱ्याचाच विश्वास नाही म्हटल्यावर एकाच माणसाने तपासण्याची परवानगी जाते. परवानगी गेली की विमा जातो. विमा गेला की पाळणे बंद.”

“दोरावर सूत दिसलं मला.”

“दिसलं की वाटलं?”

तिला खरंच ठाऊक नव्हतं.

“बघा,” चौबळ म्हणाले, “मुजावरांचा सत्त्याण्णव आहे. तुमचा एकेचाळीस. तुम्ही माझ्या जागी असता तर कुणाचं ऐकलं असतं? माचीवरच्या माणसांचा विचार करा. पाळणे बंद पडले तर गरोदर बाई त्या पायवाटेने उतरणार आहे का?”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच तिला जास्त भीती वाटली.

ती चाकाजवळच्या फलाटावर जाऊन उभी राहिली. दोर गोल असतो, ही त्याची एक चांगली गोष्ट. जे गेलं ते फिरून येतं. ते पीस असेल तर एव्हाना वाऱ्याने उडालं असेल. सूत असेल तर तारेत अडकून पुन्हा येईल. वर, डोंगराच्या कडेशी, माचीवरून पोरांचा पाळणा नुकताच सुटला होता. खालच्या शाळेला येणारी पोरं. काचेतून निळे गणवेश ठिपक्यांएवढे दिसत होते.

ती दोराकडे बघत राहिली. मनात दोन आवाज चालले होते. एक म्हणत होता, बघ. दुसरा म्हणत होता, नको बघूस, बघितलंस की दिसेल, दिसलं की बोलावं लागेल. दुसरा आवाज आपल्याच आवाजात बोलतोय, हे तिने ओळखलं. दोन महिन्यांच्या सरावाने तो तयार झाला होता.

पुंजका आला. आता तो नखाएवढा नव्हता, बोटभर झाला होता. सकाळच्या फडक्याचं सूत तिथे अडकलं होतं आणि वाऱ्याने पिंजारलं होतं.

तिने लाल बटण दाबलं.

चाक घरघरत थांबलं. पुंजका चाकापासून दोन हातांवर होता. वरच्या हवेत सगळे पाळणे एकदम झुलले आणि कुठून तरी पोरांच्या ओरडण्याचा बारीक आवाज आला. चौबळ धावत आले. मामाही आले.

“कुणी थांबवला?” मामांनी विचारलं.

“मी. मामा, मोजे काढा.”

“मॅडम.”

“काढा मामा. मग मला काय बोलायचं ते बोला.”

मामा हलले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लहान मुलाला चारचौघांत खोटारडा म्हटल्यावर त्याचा चेहरा होतो, तसा झाला होता. “म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास न्हाई,” ते म्हणाले.

“तुमच्यावर आहे. मोज्यांवर नाही.”

मग मामांनी एकेक बोट सोडवत मोजे काढले, घडी करून खिशात ठेवले आणि खांद्यावरचं फडकं उघड्या हाताने दोराला लावलं. डोळे मिटले. हात पुंजक्याकडे सरकवला.

हात अडला.

त्यांनी तो मागे घेतला आणि पुन्हा नेला. पुन्हा अडला. फडकं बाजूला करून त्यांनी नुसतं बोट फिरवलं. बोटाला रक्त आलं. एक टोक, शेजारी दुसरं, पिळाच्या आत आणखी. ते मोजत नव्हते, पण बोट पुढे पुढे जात होतं आणि रक्ताचे ठिपके दोरावर उमटत होते.

“या अल्ला,” ते हळूच म्हणाले. “हा अर्धा पेड गेलाय.”

चौबळांचं तोंड पांढरं पडलं. “पोरांना खाली आणा आधी,” ते म्हणाले. “चालू करा, हळू आणा.”

“नाही,” हेमांगी म्हणाली. “पुढे चालवला तर ही जागा चाकावर येईल. चाकावर वाकली की तुटेल.”

“मग पोरं तशीच लटकत ठेवायची?”

तिने वर पाहिलं. पाळणा माचीपासून फार लांब आला नव्हता. दोर उलटा फिरवला तर पोरं परत माचीवर जातील आणि तुटकी जागा तेवढीच वर सरकेल, कुठल्याच चाकावर न जाता. बाकी कुठल्याच पाळण्यात माणूस नव्हतं, चढणीच्या बाजूला नुसते दुधाचे रिकामे कॅन होते. हिशोब बरोबर होता. पण उलटं फिरताना बसणारा झटका त्या अर्ध्या पेडाला झेपेल का, ते कुठल्याच हिशोबात बसत नव्हतं.

“तुम्हाला खात्री आहे?” चौबळांनी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. खात्री नसल्याचं असं उघड ती कितीतरी दिवसांनी बोलली होती.

तिने चाक उलटं सोडलं, गोगलगाईच्या चालीने. मामा जखमी जागेबरोबर फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेले, हात दोराखाली धरून, जणू तुटला तर ते झेलणार होते. तिथून दोर त्यांच्या हाताबाहेर वर गेला. एकदा तट्‌ असा आवाज आला. आणखी एक तार. सगळे जागच्या जागी थिजले. पाळणा माचीच्या छपराखाली शिरला. वरून फोन आला, पोरं उतरली, एकीने भीतीने ओकारी केली, बाकी ठीक आहेत.

मामा फलाटाच्या टोकाला तसेच हात पसरून उभे होते. हेमांगीने जाऊन ते हात खाली केले.

त्या संध्याकाळी मामांनी चौबळांकडे एकच मागणी केली. “सकाळी मी दोर बरा आहे म्हणून सांगितलं. त्या वेळचा माझा आकडा बघा.”

“बघितला,” चौबळ समजावणीच्या सुरात म्हणाले. “सत्त्याण्णव. तुम्ही पूर्ण खरं बोललात, मुजावर. तुमच्यावर ठपका नाही.”

मामा बाकावर बसले. “ठपका असता तर बरं झालं असतं साहेब,” ते म्हणाले. “खोटं बोललो असतो तर उद्यापासनं खरं बोललो असतो. आता काय करू? मला वाटलं बरा आहे, म्हणून बरा म्हणलो. उद्या परत वाटंल.”

विमावाल्यांच्या म्हणण्यातलं भोक हेच होतं. यंत्र माणसाच्या मनात बघत होतं, दोराकडे कुणीच बघत नव्हतं.

नवा दोर चढला. चौकशी झाली. हेमांगीने संचालकांपुढे सरळ सांगितलं की मागचा डोळा परत आणा. आमचं खरं भांडवल आकड्यात नव्हतं, एकाने दुसऱ्याला निःशंकपणे ‘थांब’ म्हणण्यात होतं. संचालक लक्ष देऊन ऐकत होते. कंपनीचे अध्यक्ष बापूसाहेब घोरपडे यांचे तर डोळे पाणावले.

“शंका,” ते म्हणाले. “किती वर्षं आपण हिला दोष समजत आलो. हे तर मूल्य आहे. चौबळ, मोजता येईल?”

“सहज येईल, सर,” चौबळ म्हणाले. “ओढाताण आपण मोजतोच आहोत. फक्त चिन्ह उलटं करायचं.”

हेमांगी काहीतरी बोलणार होती. पण सगळे टाळ्या वाजवत होते, आणि त्या तिच्यासाठी होत्या.

पावसाळा सरला तेव्हा दर्शनी भिंतीवर तिचा फोटो होता. शंका: अठ्ठ्याण्णव. पट्टी आता फक्त फाटकावर नव्हती. तिला ती कामावर दिवसभर बांधावी लागे. मनात ओढाताण उठली की पट्टी कानाजवळ हलकासा गोड आवाज करी, शाबासकीसारखा. इतर खात्यांतही शंकेचे वर्ग सुरू झाले होते. तिकीटवाला एकच नोट उजेडात तीनतीनदा धरी. उपेंद्रने घरच्या गॅसवर कागद चिकटवला होता, बंद आहे, परत उठू नकोस. पाळणे रोज मध्येच थांबत, कधी दोनदा, कधी कितीदा तरी. माचीवरची काही माणसं पुन्हा पायवाटेने उतरू लागली होती. हवेत लटकत बसण्यापेक्षा पाय घसरलेला परवडला, असं ती म्हणत.

त्या दिवशी दुपारी तिने पुन्हा लाल बटण दाबलं. चाक थांबलं. मामा काही न बोलता पुढे आले. मोजे त्यांनी केव्हाच परत केले होते. उघड्या हाताने, डोळे मिटून, ते तिने दाखवलेल्या जागेवरून फडकं घेऊन गेले. मागे आले, पुन्हा गेले. मग डोळे उघडले.

“साफ आहे मॅडम,” ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. “चालवू?”

वर एका पाळण्यात एक बाई बाळंतपणाला दवाखान्यात निघाली होती. तिची सासू काचेवर हात आपटत होती. आवाज येत नव्हता, नुसता हात दिसत होता.

“मॅडम, काय दिसलं होतं तुम्हाला?”

हेमांगी आठवू लागली. काहीतरी दिसलं होतं. की पोटात काही हललं होतं? की त्याआधीच, सकाळपासून कानाजवळचा आवाज आला नाही म्हणून, बोट आपोआप बटणाकडे गेलं होतं? तिने स्वतःच्या आत शोधून पाहिलं. पूर्वी तिथे एक जागा होती, दोराला हात लावून ऐकावं तशी, जिथून खरी भीती यायची. ती जागा आता कुठे लागेना. चालव म्हणावं तरी भीती, थांब म्हणावं तरी भीती, आणि दोन्ही भीती अगदी एकसारख्या.

मामा तिच्या चेहऱ्याकडे बघत उत्तराची वाट पाहत राहिले.

तिच्या कानाशी पट्टीने गोड आवाज केला, मग पुन्हा केला, आणि करतच राहिली.